अचला आणि भ्रंश

जमिनीविषयीं आमच्या वाङ्मयांत जें लिहिलें गेलें आहे तें बहुतेक तिच्या पृष्ठभागाविषयीं आहे. तिच्या पोटाविषयीं फारसें नाहीं. शेत, नदी, घाट, किल्ला, पाऊस यांवर आमच्या कवींनीं व निबंधकारांनीं अपार लिहिलें. पण ज्या खडकावर हें सारें उभें आहे त्याच्या वागणुकीसंबंधीं आमचा लेखक एकच विशेषण वापरून मोकळा होतो, आणि तें विशेषण म्हणजे ‘अचल’. प्रस्तुत लेखांत या विशेषणाची परीक्षा करावयाची आहे. भूगर्भशास्त्रज्ञानें ही परीक्षा केली असती तर ती अधिक अधिकारानें झाली असती, हें मी जाणतों. मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा प्राध्यापक आहें, व माझें काम शब्द तपासण्याचें आहे. परंतु शब्दाच्या चुकीमुळें जेव्हां माणसाच्या अंगावर भिंत पडूं शकते, तेव्हां शब्द तपासणाऱ्यानेंही गप्प बसूं नये.

निमित्त झालें तें असें. नगर जिल्ह्यांतील खर्डा हें माझें आजोळ. ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांच्या एकत्र फौजांनीं निजामाचा येथें पराभव केला, व त्यानें ज्या भुईकोटाच्या आश्रयास धांव घेतली तो निंबाळकरांचा किल्ला गांवाच्या कडेस अजून उभा आहे. या लढाईवर माझ्या एका विद्यार्थ्यानें निबंध लिहिला. त्यांत एक वाक्य होतें: फौजा हलल्या, राज्यें हललीं, पण दख्खनचा काळा पाषाण हलला नाहीं व हलणारही नाहीं. मीं त्या वाक्याखालीं रेघ ओढली आणि समासांत ‘उत्तम’ असें लिहिलें. चार दिवसांनीं खर्ड्यास गेलों, तो मामा जुन्या वाड्याची पडूं आलेली पश्चिमेची भिंत नव्यानें बांधण्याच्या विचारांत होते. कशी बांधणार असें विचारतां ते म्हणाले, “होती तश्शीच. दगड आपलाच, माती आपलीच. आपली जमीन काय कोंकण आहे का हलायला?” विद्यार्थ्याचें वाक्य व मामांचें वाक्य हीं एकच आहेत, व त्यांपैकीं एकाला मीं ‘उत्तम’ म्हटलें आहे, हें ध्यानीं येऊन मी ओशाळलों. कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी त्याच वाड्यांत निजलेला होतों. आदल्या दिवशीं गणपति विसर्जन झाले होते. चार वाजण्याच्या सुमारास फडताळांतील भांडीं वाजलीं, कडीपाटाची माती अंगावर गळली, आणि आजी उठून म्हणाली, “धरणी कूस बदलती आहे.” सकाळीं आकाशवाणीवर किल्लारीचें नांव ऐकलें.

आजीचें वाक्य, मामांचें वाक्य आणि विद्यार्थ्याचें वाक्य यांत खरें कोणतें, हा वाङ्मयाच्या टीकाकाराचाही प्रश्न आहे असें मला तेव्हांपासून वाटत आलें.

‘अचला’ हें पृथ्वीचें नांव अमरकोशांत आहे. त्याच्या शेजारीं ‘स्थिरा’ आहे आणि ‘सर्वंसहा’ही आहे. या तीन शब्दांत आमच्या परंपरेचा सारा स्वभाव आला: पृथ्वी हलत नाहीं, ती टिकून राहते, व सर्व कांहीं सोसते. परंतु त्याच परंपरेंत या नांवाला पहिली हरकत घेणारीही पृथ्वीच आहे, ही गोष्ट आपण विसरलों. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील ग्रंथांत, भूकंपाच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत एक कथा येते. पूर्वीं पर्वतांना पंख होते, ते उडत व बसत, आणि त्यांच्या योगानें पृथ्वी हादरे. तेव्हां ती लज्जित होऊन ब्रह्मदेवाकडे गेली व तक्रार करूं लागली कीं तूं मला अचला हें नांव दिलेंस, पण हे चालते पर्वत तें खोटें पाडीत आहेत. ब्रह्मदेवाच्या आज्ञेनें इंद्रानें पर्वतांचे पंख तोडले; मात्र वायु, अग्नि, इंद्र व वरुण हे शुभाशुभ फळ कळविण्यासाठीं दिवसाच्या व रात्रीच्या ठराविक भागांत तिला हलवितीलच, असेंही तिला सांगण्यांत आलें. म्हणजे नांव कायम राहिलें आणि हलणेंही कायम राहिलें!

या कथेपेक्षांही मला वराहमिहिराची तिच्या आधींची ओळ अधिक मोलाची वाटते. तेथें तो एक मत सांगून थांबत नाहीं, चार सांगतो. कोणी म्हणतात पाण्यांतील प्रचंड प्राण्यांच्या हालचालीनें पृथ्वी कांपते. कोणी म्हणतात भारानें थकलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून. कोणी म्हणतात वारा वाऱ्यावर आदळून जमिनीवर पडतो म्हणून. आणि कोणी म्हणतात हें अदृष्टाचें, म्हणजे लोकांच्या कर्माचें, फळ आहे. यांपैकीं एकही मत आज टिकत नाहीं. तथापि टीकाकाराच्या दृष्टीनें यांत एक भेद आहे, व तो फार महत्त्वाचा आहे. पहिलीं तीन मतें चुकीचीं असलीं तरी तीं चुकीचीं ठरूं शकतात. दिग्गज शोधावयास निघालें आणि सांपडले नाहींत, तर मत पडलें. चौथें मत कधींच चुकीचें ठरूं शकत नाहीं, कारण कोणत्याही गांवीं पाप शोधणाऱ्यास तें सांपडतेंच. जी उपपत्ति प्रत्येक घटनेस सारखीच लागू पडते ती कोणत्याच घटनेचें स्पष्टीकरण नसते.

हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार व नेपाळ येथें प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधींनीं त्याचा संबंध अस्पृश्यतेच्या पापाशीं जोडला. हें त्या पापाचें ईश्वरी शासन आहे असें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. रवीन्द्रनाथ ठाकूर हे गांधींचे चाहते व अस्पृश्यतेचे शत्रु. तरी त्यांनीं याचा निषेध केला, व गांधींनीं तो आपल्या ‘हरिजन’ पत्रांत छापला. रवीन्द्रांचा मुद्दा असा होता कीं भौतिक घटनेचीं कारणें भौतिकच असावयास पाहिजेत, आणि नीतीचा पाया अशा घटनांवर रचला तर उद्यां नीतीचे विरोधकही त्याच घटना आपल्या बाजूनें वापरतील. या वादांत माझी सहानुभूति दोघांकडेही जाते. गांधींचा हेतु लोकांना एका अन्यायाविरुद्ध उठविण्याचा होता. परंतु ज्यांचे गाडले गेले त्यांत बहुतेक गरीब होते, व ज्यांनीं अस्पृश्यता भोगली तेही त्यांत होते. त्यांना शासन कशाचें? कवीनें येथें उपमेचा त्याग केला आणि राजकारणी पुरुषानें तिचा आश्रय केला, हा या प्रकरणांतील चमत्कार आहे. उपमा कोठें थांबवावी हें कवीलाच अधिक कळतें, असें त्यावरून म्हणतां येईल.

आतां भौतिक कारण काय, हें पाहूं. आणि तें ज्या लेखकांनीं शोधलें त्यांच्याकडे लेखक या नात्यानेंही पाहूं.

गोष्टीचा आरंभ आपल्या शेजारच्या कच्छांत होतो. १६ जून १८१९ रोजीं तेथें झालेल्या भूकंपांत रणाच्या सपाट जमिनींतून ऐंशी किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक बांध वर उचलला गेला. माणसानें तो बांधलेला नव्हता, म्हणून लोकांनीं त्याला ‘अल्लाबंद’ असें नांव दिलें. त्याच वेळीं दक्षिणेकडील सिंद्री येथील गढीभोंवतालची जमीन खचून तेथें पाणी पसरलें व गढी त्यांत बुडाली. चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूगर्भवेत्त्यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत ही हकीकत घेतली, आणि युरोपांत ती गाजली. परंतु लायेलच्या काळीं कारण कोणतें व कार्य कोणतें हें ठरलें नव्हतें. धक्का बसला म्हणून जमीन फाटली, असेंच बहुतेकांस वाटे. २८ ऑक्टोबर १८९१ रोजीं जपानांत मिनो-ओवारी प्रांतांत भूकंप झाला. तेथील नेओ खोऱ्यांत जमीन कोठें कोठें सहा मीटरपर्यंत उंचसखल झाली व रस्ते तुटून बाजूस सरकले. बुन्जिरो कोतो या जपानी प्राध्यापकानें ती रेघ मैलचे मैल पायीं तपासली व उलटें विधान केलें: जमीन या रेघेवर सरकली म्हणूनच धक्का बसला. कार्य व कारण यांची ही अदलाबदल म्हणजे या शास्त्राचा खरा जन्म होय. पुढें १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपावर आर. डी. ओल्डहॅम यांनीं १८९९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत चेडरंग नदीच्या खोऱ्यांत एक बाजू दुसरीपेक्षां पस्तीस फुटांपर्यंत उचलली गेल्याची नोंद आहे. ओल्डहॅमचें गद्य मला शिकवितांना पुष्कळदां आठवतें. तें कोठेंही आवाज चढवीत नाहीं. पूल कसा वांकला, नदीचें पाणी कोठें अडून तळें झालें, थडग्यांवरील दगड कोणत्या दिशेस पडले, हें तो क्रमानें सांगत जातो, आणि हाहाकार हा शब्द न वापरतां वाचकाच्या मनांत हाहाकार उभा करतो.

या परंपरेचा कळस हॅरी फील्डिंग रीड या अमेरिकन प्राध्यापकानें चढविला. १८ एप्रिल १९०६ रोजीं सान फ्रान्सिस्को शहर हादरून जळालें तेव्हां सान आन्द्रेआस नांवाच्या भ्रंशावर सुमारें चारशें सत्तर किलोमीटर लांबीपर्यंत जमीन सरकली. कुंपणें व रस्ते मधोमध तुटून त्यांचीं टोकें कोठें कोठें सहा मीटरपर्यंत एकमेकांपासून दूर गेलीं. सुदैवानें त्या प्रदेशाची त्रिकोणमितीनें मोजणी पूर्वीं दोनदां झालेली होती. भूकंपानंतर तिसरी झाली. रीडनें तिन्ही मोजण्या शेजारीं ठेवल्या, तेव्हां दिसून आलें कीं भ्रंशापासून फार दूरचीं ठिकाणें भूकंपाच्या कित्येक वर्षें आधींपासूनच हळूहळू एकमेकांना ओलांडून चाललीं होतीं. फक्त भ्रंशालगतची जमीन अडून राहिली होती. त्या सकाळीं तिनें मागें पडलेलें अंतर एका क्षणांत भरून काढलें. १९१० सालीं रीडनें यावरून जी उपपत्ति मांडली तिला आपण ‘प्रत्यास्थ प्रतिक्षेप’ म्हणूं. नांव जड आहे. अर्थ सोपा आहे.

पावसाळ्यांत फुगलेलें दार उघडतांना काय होतें? आपण ओढीत असतों, फळी थोडी वांकते, पण चौकट सोडीत नाहीं. ओढ वाढते, फळींतील वांक वाढतो, आणि मग चौकटीची पकड एकाएकीं सुटून दार धाडकन् उघडतें. फळी पुन्हा सरळ होते. धाडकन् झालेला आवाज त्या क्षणाच्या ओढीचा नव्हे, आधींच्या सगळ्या ओढीचा असतो. खडकाचेंही असेंच आहे. आपल्याला दगड ताठर वाटतो, पण मैलोगणती खडक लवचीक असतो. तो वर्षाला केसाच्या जाडीइतका, बोटाच्या पेराइतका वांकत राहतो. जुनी भेग घर्षणानें धरून ठेवलेली असते. ताण घर्षणापेक्षां वरचढ झाला कीं भेगेच्या एका बिंदूपाशीं पकड सुटते, तो सुटा भाग शेजारच्या भागावर ताण टाकतो, तोही सुटतो, आणि ही सुटका सेकंदाला दोनतीन किलोमीटर वेगानें भेगेवरून धांवत जाते. आपणांस जो कंप जाणवतो तो या धांवेचा. १९६६ सालीं ब्रेस व बायर्ली यांनीं प्रयोगशाळेंत खडकाचे तुकडे एकमेकांवर दाबून सरकविले, तेव्हां तेही अडत-अडत, झटक्याझटक्यानें सरकले. रीडच्या कल्पनेला घर्षणाचा आधार मिळाला तो असा. सुटका झाल्यावर पकड पुन्हा बसते व हिशेब पुन्हा सुरू होतो. फार खोलवर, जेथें खडक उष्णतेनें मऊ झालेला असतो, तेथें मात्र तो असा अडत नाहीं. घट्ट पिठासारखा सावकाश वाहतो.

येथें आपल्या मराठी शब्दांचा विचार करणें प्राप्त आहे. शाळेच्या भूगोलांत ‘प्रस्तरभंग’ हा शब्द आपण शिकतों. कोठें ‘विभंग’ असेंही म्हणतात. दोन्ही शब्दांत भंग आहे, सरकणें नाहीं. खडकांत भेगा सर्वत्र असतात. विहीर खणतांना आपल्या काळ्या दगडांत त्या हव्या तितक्या दिसतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकलेल्या आहेत तीच विशेष भेग होय. भंग या शब्दानें विद्यार्थ्याच्या मनांत असें चित्र उभें राहतें कीं अखंड खडक कडाडून फुटला म्हणजे भूकंप होतो. वस्तुतः बहुतेक मोठ्या भूकंपांत नवें कांहीं फुटत नाहीं; जुनें तुटलेलें पुन्हा सरकतें. म्हणून मला ‘भ्रंश’ हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. भ्रंश म्हणजे आपल्या जागेवरून ढळणें. बुद्धिभ्रंश, पदभ्रंश या शब्दांत आपण तो नित्य वापरतोंच. इंग्रजांनीं खाणकामगारांची बोली उचलली. कोळशाचा थर खणतां खणतां एकाएकीं नाहींसा झाला कीं ते त्या जागेस ‘फॉल्ट’, म्हणजे उणीव, म्हणत; आणि तिरप्या भेगेच्या दोन बाजूंस पायाखालची भिंत व डोक्यावर टांगलेली भिंत अशीं नांवें देत. हे शब्द अंधारांत हात चाचपणाऱ्या माणसाचे आहेत, म्हणून ते जिवंत आहेत. जमीन ताणली जाते तेव्हां टांगती बाजू खालीं घसरते; दाबली जाते तेव्हां ती पायाखालच्या बाजूवर चढते; आणि पीळ पडतो तेव्हां दोन्ही बाजू आडव्या एकमेकींस ओलांडतात. पृथ्वीच्या पाठीवरील खचदऱ्या, गटपर्वत व कित्येक नद्यांचीं वळणें या तीन क्रियांचींच लेखनें आहेत.

आतां आपल्या घरीं येऊं. दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा आहे. ते थर आडवे, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. हा आडवेपणा पाहून कोणालाही वाटेल कीं येथें कांहींच घडलेलें नाहीं. पण वहीचें मुखपृष्ठ सपाट असलें म्हणून तिच्याखालचें मेज अभंग असेल असें नाहीं. लाव्हाच्या खालीं याहून फार प्राचीन खडक आहे, व त्यांत जुने भ्रंश आहेत. भरतखंडाचें सबंध शकल वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर या गतीनें उत्तरेकडे जात आशियास रेटीत आहे. त्याचें बळ हिमालयापाशींच संपत नाहीं, सबंध शकलभर दाब राहतो. घराच्या एका टोकास ढकललें तर दुसऱ्या टोकाची कडीही करकरते.

कोयनेनें हें प्रथम दाखविलें. शिवाजीसागर भरूं लागल्यावर त्या परिसरांत लहान धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालें. सुमारें दोनशें माणसें मेलीं. दोणीचा वाडा या वस्तीच्या बाजूस जमिनीवर भेगांची ओळ उमटली; खालचा भ्रंश आडवा सरकला होता. तलावाचें पाणी हें या भूकंपाचें बळ नव्हे. ताण आधींच सांचलेला होता. पाण्याच्या भारानें व भेगांत शिरलेल्या दाबानें पकड ढिली केली एवढेंच. फुगलेल्या दाराच्या चौकटीस कोणी तेल लावावें तसें. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याच प्रदेशांत गोठणें येथें तीन किलोमीटर खोल विंधणविवर घेतलें. लाव्हाचे थर संपून खालचा जुना खडक लागण्यास एक किलोमीटरहून अधिक खोल जावें लागलें. पण कोयनेनंतरही देशावरच्या माणसानें स्वतःची समजूत घातली: तें धरणाचें, तें घाटाचें, आपलें नव्हे.

मग किल्लारी. खर्ड्याहून ती सव्वाशे-दीडशे किलोमीटर आहे; जमीन तीच, दगड तोच, घरें तींच. तेथें आदल्या वर्षीं, १९९२ सालीं, लहान धक्के बसत होते, व लोक घाबरून बाहेर निजत होते. भूकंपधोक्याच्या तेव्हांच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं ६.२ च्या आसपासच्या प्रतीचा भूकंप झाला व सुमारें आठ हजार माणसें मेलीं. जमिनीखालीं थोड्याच खोलीवर नैर्ऋत्येकडील बाजू ईशान्येकडील बाजूवर चढली; पृष्ठभागावर त्याची खूण म्हणून शेतांतून सुमारें एक किलोमीटर लांबीची उंचवट्याची रेघ तेवढी उमटली. पुढें तेथें विंधणविवर घेतलें, तेव्हां लाव्हाचा थर अवघा ३३८ मीटर जाड निघाला. आमचा अचल काळा पाषाण किल्लारीस इतकाच होता! २००२ सालीं नव्या मानकांत तो सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच रद्द करण्यांत आला. शास्त्रानें आपलें विशेषण मागें घेतलें. आम्हीं साहित्यिकांनीं घेतलें नाहीं.

येथें प्रामाणिक टीकाकारानें रीडच्या उपपत्तीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. नाहीं तर अंधश्रद्धेच्या जागीं दुसरी श्रद्धा बसविल्यासारखें होईल. ही उपपत्ति ताण कसा सांचतो व कसा सुटतो तें सांगते; केव्हां सुटेल तें सांगत नाहीं. कॅलिफोर्नियांत पार्कफील्ड येथें धक्के बरेचसे नियमित अंतरानें बसत आल्यामुळें पुढचा १९८८ च्या सुमारास होईल असें शास्त्रज्ञांनीं वर्तविलें, जागोजागीं यंत्रें बसविलीं, आणि तो आला २००४ सालीं. किल्लारीचें कोडें याहून कठीण. तेथें भ्रंश आहे हेंच आधीं कोणास ठाऊक नव्हतें. तो जुना कीं नवा, यावर मतभेद झाले. भ्रंशावर चर खणून जुन्या सरकण्याच्या खुणा कांहींनीं दाखविल्या, तेरच्या प्राचीन वस्तीच्या थरांत दीड हजार वर्षांपूर्वींच्या धक्क्याचा माग असावा असेंही मांडण्यांत आलें. हें खरें असेल तर दोन धक्क्यांतील अंतर माणसाच्या स्मृतीपेक्षां, गांवाच्या दप्तरापेक्षां, राज्यांपेक्षांही मोठें आहे. आणि नेमकी हीच गोष्ट ‘आपली जमीन हलत नाहीं’ या समजुतीचें मूळ आहे. ती समजूत खोटी साक्ष नव्हे. अपुरी साक्ष आहे. दहा पिढ्यांनीं जें पाहिलें नाहीं तें अकराव्या पिढीस सांगणार कोण? हें काम लिखित शब्दाचें आहे, आणि म्हणूनच या बाबतींत वाङ्मयाची जबाबदारी शास्त्रापेक्षां कमी नाहीं.

किल्लारीस माणसें जमिनीच्या सरकण्यानें मेलीं नाहींत, भिंतींनीं मेलीं. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, बाहेरून एक थर व आंतून एक थर, मधें गोटे व चिखल. दोन्ही थर एकमेकांस बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, आणि त्यावर वर्षोवर्षीं गळती थांबविण्यासाठीं टाकलेली पांढरी माती. पुष्कळ घरांत लांकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या फुगून निजलेल्यांच्या अंगावर आल्या. जी घरें पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून व चोरांपासून राखीत आलीं, त्यांच्या जाडीचाच भार झाला. जाड म्हणजे बळकट ही आमची व्याख्या होती, व तीही मुळांत एका शब्दाचीच चूक होती.

म्हणून मीं दोन गोष्टी केल्या. पहिली, विद्यार्थ्यास बोलावून माझा ‘उत्तम’ हा शेरा त्याच्यासमोर खोडला, आणि चूक त्याची नसून माझी होती हें सांगितलें. त्याचा प्रश्न सरळ होता: “मग लिहूं तरी काय, सर?” मीं त्यास वराहमिहिराची पृथ्वी सांगितली, जी स्वतःच आपल्या नांवाविषयीं तक्रार करते, ओल्डहॅमचा थडग्यांचा हिशेब सांगितला, आणि म्हटलें कीं किल्ल्याची भिंत अडीचशें वर्षांहून अधिक काळ उभी आहे एवढें लिही, कारण तेवढें खरें आहे. ती कधींच हलणार नाहीं हें तूं पाहिलेलें नाहींस.

दुसरी गोष्ट मामांशीं बोलण्याची. ती अधिक अवघड गेली. भ्रंश, ताण, प्रतिक्षेप यांपैकीं एकही शब्द मीं उच्चारला नाहीं. मीं त्यांना फुगलेल्या दाराची गोष्ट सांगितली व त्या पहाटेची भांडीं आठवून दिलीं. ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. शेवटीं गवंड्यास बोलावणें गेलें. दर थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, कोपरे एकमेकांत गुंतवून, दाराच्या डोक्यावरून चारी भिंतींस एक सलग पट्टा, आणि माळवदावरची निम्मी माती खालीं, असें ठरलें. माती उतरविण्यास मामांचा जीव होत नव्हता. ती त्यांच्या वडिलांनीं टाकलेली होती.

आजीचें वाक्य मात्र मीं खोडलें नाहीं. कूस बदलणें म्हणजे बराच काळ एका अंगावर पडून राहून अवघडल्यावर एकदम वळणें. दिग्गजांच्या व कर्मफळाच्या पंक्तींत तें बसत नाहीं. त्यांत कोणाचा कोप नाहीं, कोणास शासन नाहीं. रीडनें तीन मोजण्या शेजारीं ठेवून जें दाखविलें, त्याच्या जितक्या जवळ तें जातें तितकें आमच्या शाळेच्या पुस्तकांतील ‘प्रस्तरभंग’ जात नाहीं. मराठींत या विषयावर चांगलें गद्य होऊं शकेल कीं नाहीं अशी शंका घेणाऱ्यांनीं तें एक वाक्य विचारांत घ्यावें. पहाटे चार वाजतां, अंगावर माती गळत असतां, एका निरक्षर बाईनें तें उच्चारलें होतें.